थर्डवरून फर्स्टला थ्रो पोचत नाही : जोर नेमका कुठं गळतो?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांचा आहे. त्यांच्याकडं मुलींचा सॉफ्टबॉल संघ आहे आणि काही मुलं बेसबॉलकडं वळली आहेत. (या दोन्ही खेळांत मैदानावरच्या चौकोनाचे चार कोपरे म्हणजे होम, फर्स्ट, सेकंड आणि थर्ड हे बेस.) ते लिहितात : "थर्डवरून फर्स्टला टाकलेला थ्रो दोन टप्पे खात जातो. यातली बरीच पोरं तालमीत जातात, जोर-बैठका मारतात, अंगात रग आहे. मग थ्रोला जोर का नाही? हाताचे कुठले व्यायाम द्यावेत? माजी विद्यार्थ्यांनी थोडी देणगी दिली आहे. त्यातून डंबेल्स घ्यावेत की वजनाचे चेंडू?"

सर, हाताचे व्यायाम जरूर द्या, पण ते हात टिकावा म्हणून. थ्रोचा वेग पायाखाली तयार होतो, कमरेतून वर चढतो आणि हातापर्यंत येतो तेव्हा निम्मं काम झालेलं असतं. तुमच्या पोरांच्या अंगात रग आहे हे मी मानतो. ती वाटेत कुठंतरी गळते आहे. ती जागा सापडली की मगच व्यायामाचं बोलू.

आधी हिशेब. सॉफ्टबॉलमध्ये दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. थर्ड ते फर्स्ट हा त्या चौकोनाचा कर्ण, सुमारे २५.९ मीटर. होममागं बसणाऱ्या कॅचरला तिथून सेकंडलाही तेवढंच टाकावं लागतं. बेसबॉलमध्ये बेस ९० फुटांवर असतात, त्यामुळं हाच थ्रो ३८.८ मीटरचा होतो. सॉफ्टबॉलमधलं हे अंतर चेंडूनं ताशी सरासरी ६५ किलोमीटरनं कापलं तर १.४३ सेकंद लागतात, ८० नं कापलं तर १.१७. फरक पाव सेकंदाचा. तेवढ्यात फर्स्टकडं पळणारी पोरगी दीड मीटर पुढं जाते, आणि फर्स्टवरचे बहुतेक वाद त्याच दीड मीटरात होतात.

स्पीड गनवर पैसे घालू नका. मोबाईल सेकंदाला ६० फ्रेमवर लावून बाजूनं व्हिडिओ घ्या आणि चेंडू बोटांतून सुटल्यापासून ग्लोव्हमध्ये शिरेपर्यंतच्या फ्रेम मोजा. ८४ फ्रेम म्हणजे १.४ सेकंद, सरासरी वेग ताशी ६६-६७ किलोमीटर. ७२ फ्रेम म्हणजे १.२ सेकंद, जवळपास ७८ किलोमीटर. टप्पा न पडलेला थ्रोच धरायचा. आकडा वहीत लिहा, पण महिन्यातून एकदाच. दर आठवड्याला मोजायला लागलं की पोरी आकड्यासाठी फेकतात आणि चेंडू फर्स्टच्या डोक्यावरून थेट कुंपणात.

आता गळती शोधू. तुमच्याकडची तांबडी माती या कामाला फार उपयोगी आहे. रात्री पाऊस पडून सकाळी उघडीप मिळाली की मुलीला थर्डवर उभं करा, पाच थ्रो टाकायला लावा आणि चेंडूकडं अजिबात बघू नका. ती बाजूला झाली की मातीतले ठसे बघा. उजव्या हातानं फेकणारी असेल तर डावं पाऊल पुढं पडतं. तो ठसा खोल, स्वच्छ आणि साधारण फर्स्टच्या दिशेनं तोंड केलेला असला पाहिजे. पुढं चार बोटं घसरल्याची रेघ दिसली तर समजा, पाय रोवला गेला नाही आणि शरीराची गती मातीत गेली. पंजा डावीकडं उघडून पडला असेल तर कंबर वेळेआधी फिरून मोकळी झाली, हात एकटाच मागं राहिला. पाऊल फारच आडवं, उजव्या अंगाला पडलं असेल तर उलटा प्रकार : कंबरेला फिरायला जागाच उरली नाही.

मागच्या उजव्या पावलाचा ठसा तर त्याहून बोलका. तिथं अंगठ्याखाली माती उकरलेली आणि टाच बाहेरच्या अंगाला फिरलेली दिसायला हवी. आदल्या दिवशीच्या पावलासारखा सपाट, नीटनेटका ठसा असेल तर त्या मुलीनं नुसत्या हातानं थ्रो टाकलाय, मग तिचे दंड कितीही भरलेले असोत. तालमीत जाणाऱ्या पोरांत हा सपाट ठसा हमखास सापडतो. त्यांना आपल्या बळावर भरवसा असतो, म्हणून ती जागेवर उभी राहूनच जोर लावतात.

ठशाला एवढं महत्त्व कशाला, ते सांगतो. मागच्या पायानं जमीन ढकलली की सगळं शरीर पुढं निघतं. पुढचं पाऊल पडून गुडघा घट्ट झाला की खालचं शरीर थबकतं आणि ती गती वर पळते. आधी कंबर फिरते, तिच्यामागून छाती, मग खांदा, कोपर, मनगट. प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा जलद. मोठ्या दर्जाच्या बेसबॉल पिचरचा (फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्याचा) खांदा चेंडू सोडताना सेकंदाला ७००० अंशांच्या आसपास वेगानं आत फिरतो. एकट्या खांद्याच्या स्नायूंना हे जमणार नाही. ती खालून आलेली कमाई असते. जोंधळ्याच्या राखणीला गोफण फिरवलेला एखादा आजोबा गावात असेल तर त्याला मैदानावर बोलवा आणि पोरांना त्याची कंबर बघायला सांगा. पाय रोवला, कंबर वळली, आणि हात सगळ्यात शेवटी.

पोरांना आजोबा जुने वाटले तर नीरज चोप्राचा कुठलाही थ्रो मोबाईलवर हळू करून दाखवा आणि फक्त डावा पाय बघायला लावा. इतक्या पळत येऊन तो पाय खांबासारखा उभा राहतो. भाला आणि चेंडू यांचं नातं जवळचं आहे. २००८ साली भारतात जोरात चेंडू फेकणाऱ्यांची एक स्पर्धा झाली. त्यातून निवडलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. तोवर बेसबॉल न खेळलेल्या या दोघांना अमेरिकेत पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल क्लबनं करारावर घेतलं.

कंबर आधी आणि खांदा मागून, हे तोंडी सांगून कुणाला जमत नाही. चालता चालता थ्रो टाकायला लावा. उजवा, डावा, थ्रो, असं सहज चालत, मध्ये न थांबता. चालताना कंबर आपोआप आधी फिरते. पंधरा मीटरवरून हे जमलं की तेच छोट्या उडीवर न्या : उजवं पाऊल आडवं टाकून उचल घ्यायची, डावं रोवायचं, टाकायचं. गुडघ्यावर बसून थ्रो टाकण्याचा सराव आपल्याकडं फार चालतो. मनगट आणि बोटांची सोडणी शिकवायला तो ठीक, पण जोर वाढवायला मी तो कधी देत नाही. जिथून जोर येतो ते पायच त्यात बाद होतात.

दुसरी गळती बोटांत असते. आपली सगळी पोरं टेनिस चेंडूच्या क्रिकेटवर वाढलेली. तो चेंडू ५६ ते ५९ ग्रॅमचा, मनगटाच्या झटक्यानं कुठंही जातो. १२ इंची सॉफ्टबॉल १७८ ते १९८ ग्रॅमचा आणि हातात न मावणारा. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅम. आठवीतली बारीक चणीची मुलगी १२ इंची चेंडू तळहातात गच्च धरते, कोपर खांद्याखाली पडतं आणि ती चेंडू ढकलायला लागते. अशा मुलींना काही महिने ११ इंची चेंडू द्या. पकड बोटांच्या टोकांवर हवी, चेंडू आणि तळहातात थोडी फट राहिली पाहिजे. बोटं शिवणीला आडवी पडू देत, म्हणजे सुटताना चेंडू उलटा फिरतो आणि हवेत तग धरतो. हात लहान असेल तर दोनाऐवजी तीन बोटं वर ठेवली तरी बिघडत नाही. कोपर खांद्याच्या रेषेत आलं का, एवढं मात्र बघत राहा.

आता सरावाची पद्धत, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. आपल्याकडच्या सरावात थ्रो ढिगानं होतात, पण जोराचा एकही होत नाही. दोन रांगा समोरासमोर, मध्ये पंधरा मीटर, गप्पा मारत शंभर-शंभर थ्रो. शरीर जे करतं तेच शिकतं. रोज अर्ध्या वेगानं टाकणाऱ्याला सामन्यात अर्धाच वेग सापडतो. म्हणून आठवड्यातले दोन दिवस जोराचे ठरवा, मध्ये निदान दोन दिवसांचं अंतर ठेवून. त्या दिवशी आधी घाम येईपर्यंत पळणं-उड्या, मग हळूहळू अंतर आणि जोर वाढवत पंधरावीस थ्रो, आणि त्यानंतर फक्त वीस-पंचवीस थ्रो अंगातला सगळा जोर लावून. दोन थ्रोंमध्ये वीस-तीस सेकंद जाऊ देत. मुलीला कंटाळा येईल, येऊ दे. पहिल्या दिवसांत नेम चुकेल, तोही चुकू दे. समोर माणसाऐवजी जाळी किंवा भिंत ठेवली की कुणाला लागायची भीती नाही आणि नेमाची काळजीही नाही. जोर आधी येऊ द्यावा, नेम त्याच्या मागून आणता येतो. नेमासाठी दाबून टाकायची सवय लागलेल्या पोरीत पुढं वेग आणणं फार जड जातं.

उरलेल्या दिवसांपैकी एक दिवस लांब थ्रोचा. तीस मीटरपासून सुरू करून पाच-पाच मीटर मागं सरकत जायचं. अंगाचा बाक बिघडला, डोकं डाव्या अंगाला कलंडायला लागलं किंवा चेंडू ढगात जायला लागला की तिथंच थांबायचं. कोण किती लांब टाकतो याची पैज या दिवशी लावू देऊ नका. पैज लागली की कंबर विसरून खांदा ओढला जातो.

तालमीबद्दल तुम्ही विचारलंत. बेळगाव भागात गावागावांत तालीम आहे, हे आपलं मोठं भांडवल, पण सगळंच जसंच्या तसं उचलू नये. बैठका चांगल्या, फक्त दोन पायांवरच्या शंभर बैठकांपेक्षा एक पाय पुढं टाकून घेतलेल्या आठ-दहा बैठका आणि बाजूला लांब पाऊल टाकून घेतलेल्या बैठका थ्रोच्या जास्त कामाच्या, कारण थ्रो एका पायावरून दुसऱ्यावर जातो. दोरावर चढणं उत्तम, पाठीचे मोठे स्नायू त्यानं तयार होतात. हलका मुद्गल तर मला फार आवडतो. खांदा सगळ्या बाजूंनी फिरतो आणि मागचे स्नायू वजन आवरायला शिकतात. हलका म्हणजे खरोखर हलका, पैलवानाचा नव्हे. जोर-बैठकांमधले जोर मात्र बेतानं. दोन-दोनशे जोर मारलेल्या पोराची छाती आणि खांद्याचा पुढचा भाग आखडतो, हात मागं जात नाही. थ्रोच्या आधी तर जोर नकोतच. "सर, हात भरून आला की," असं पोरगं सांगतं तेव्हा ते सकाळी तालमीतून आलेलं असतं, हे एकदा विचारून बघा.

यात एका व्यायामाची भर घाला : वजनी चेंडू (मेडिसिन बॉल) कमरेच्या फिरकीनं भिंतीवर आदळणं. भिंतीला डावा खांदा करून उभं राहायचं, चेंडू दोन्ही हातांनी उजव्या कमरेशी, मागचा पाय ढकलून कंबर फिरवायची आणि चेंडू भिंतीवर हाणायचा. शाळकरी मुलांना दीड-दोन किलो पुरे. फुटक्या व्हॉलीबॉलमध्ये तेवढीच वाळू भरून शिवून घेतला तरी चालतो, फक्त तो उसळत नाही, उचलून आणावा लागतो. एका बाजूला सहा ते आठ वेळा, तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी आवाज निघाला पाहिजे. डाव्या बाजूनंही करा, पाठ एकांगी होऊ नये म्हणून.

खांद्याचं रक्षण हा वेगळा विषय, आणि इथं मात्र हाताचे व्यायाम हवेतच. चेंडू सुटल्यावर तो भन्नाट फिरणारा हात कुणीतरी थांबवावा लागतो. ते काम खांद्याच्या मागचे आणि पाठीच्या वरच्या भागातले छोटे स्नायू करतात. ते कच्चे असले की शरीर आपणहून वेग आवरतं. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधा. कोपर बरगडीला चिकटवून हात बाहेर फिरवणं, ट्यूब छातीकडं ओढून पाठीची पाती जवळ आणणं, दोन्ही हातांनी ट्यूब समोर ताणणं, प्रत्येकी पंधरा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीनदा. बाकावर पालथं झोपून रिकामे हात बाजूला उचलणंही त्यातच घ्या. दिसायला किरकोळ आहे, पोरं हसतात, पण दहा मिनिटांचं काम आहे. थ्रो टाकून झाल्यावर हात झटकन आखडू देऊ नका. तो पुढच्या गुडघ्याच्या बाहेरपर्यंत सहज वाहत गेला पाहिजे.

आता पावसाचं. खानापूर-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात मैदान हाताला लागत नाही. पोरं दोन-तीन महिने चेंडूला शिवत नाहीत आणि उघडीप मिळाली की पुढच्या आठवड्यातल्या सामन्यासाठी एकदम पूर्ण जोर. कोपर तिथंच जातं. पावसाचे महिने पायाचे, कमरेचे आणि ट्यूबचे समजा. व्हरांड्यात किंवा प्रार्थनेच्या हॉलमध्ये जाळी टांगून आठवड्यातून तीनदा तीस-चाळीस हलके थ्रो चालू ठेवले तरी हात जागा राहतो. मैदान मिळाल्यावर पहिले तीन आठवडे चढत जायचं, पूर्ण जोर चौथ्या आठवड्यापासून.

बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या पिचिंगला मोजमाप हवंच. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संघटनेची दिवसाची मर्यादा ११-१२ वर्षांसाठी ८५ आणि १३ ते १६ वर्षांसाठी ९५ पिच (पिचरनं टाकलेले चेंडू) आहे. १४ वर्षांपर्यंतच्या मुलानं एका दिवसात ६६ किंवा अधिक पिच टाकले तर चार दिवस पिचिंग बंद. आपल्याकडं चांगला पिचर संघात एकच असतो. तोच सकाळी टाकतो, तोच दुपारी टाकतो आणि मधल्या वेळात कॅचर म्हणूनही बसतो. पिचर आणि कॅचर ही दोन कामं एकाच दिवशी एका पोराला देऊ नका. मुलींच्या पिचिंगचं गणित वेगळं आहे. हात खालून गोल फिरतो म्हणून ते निर्धोक, असा समज आहे, तो खोटा. ४३ फुटांवरून दिवसभर टाकणाऱ्या मुलीच्या खांद्याच्या पुढच्या भागावर आणि दंडाच्या स्नायूवर चांगलाच ताण येतो. तिलाही वेग मागच्या पायाच्या ढकलीतून आणि पुढच्या पायाच्या रोवण्यातूनच मिळतो. ठशांची परीक्षा तिलाही लावा.

कोपराच्या आतल्या बाजूला दुखलं तर थ्रो त्या क्षणी बंद. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, वारंवार ओढ बसून तो तिथून सुटू शकतो. तेल चोळून, पट्टी बांधून, "फायनल होऊ दे मग बघू" असं म्हणत ते पुढं ढकलायचं नाही. हाड बसवणाऱ्याकडंही न्यायचं नाही, अस्थिरोगतज्ज्ञांनाच दाखवायचं. स्नायू भरून येणं आणि सांधा दुखणं यातला फरक पोरांना सांगून ठेवा : भरून आलेला हात दोन दिवसांत मोकळा होतो आणि दुखणं बोटानं नेमकं दाखवता येत नाही. नेमक्या जागी बोट ठेवलं, की सुट्टी.

खाण्याबद्दल थोडंच. सकाळी नुसता चहा-बिस्किट खाऊन सरावाला येणाऱ्या मुलीला कुठलाही व्यायाम लागू पडणार नाही. भाकरी, उसळ, अंडं, मूठभर शेंगदाणे, ताक, एवढं घरात असतंच. पालकसभेत मुलींच्या ताटाविषयी आवर्जून बोला.

राहिला देणगीचा प्रश्न. वजनाचे बेसबॉल घेऊ नका. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ ते १८ वयाच्या पिचरना सहा आठवडे जड चेंडूंचा सराव दिला होता. वेग तीन टक्क्यांच्या आसपास वाढला, पण त्या गटातल्या जवळपास चौथ्या हिश्श्याच्या पोरांना दुखापत झाली. तिथं निदान मोजणारे लोक बाजूला उभे होते. डंबेल्सही आत्ता नकोत, तालमीत वजन भरपूर आहे. माझ्या हातात ते पैसे असते तर दोन डझन चेंडू घेतले असते, त्यातले अर्धे ११ इंची. दोन किलोचे दोन वजनी चेंडू आणि एक मजबूत जाळी. संघाकडं चार-सहाच चेंडू असले की जोराच्या दिवशी अर्धा वेळ पोरं झुडपात चेंडू शोधत असतात. त्यातून काही उरलं तर कॅचरसाठी चांगला ग्लोव्ह घ्या, कारण थ्रोला जोर आला की पहिली तक्रार फर्स्टवरच्या आणि होमवरच्या पोरीच्या तळहाताची येणार आहे.